कुत्र्याने भेक तोंडात धरला? या चुका टाळा

पाऊस सुरू झाला की रात्री अंगणातल्या दिव्याखाली किडे जमतात आणि किड्यांसाठी भेक (टोड) येतात. बेडकापेक्षा कातडी कोरडी, चामखिळींनी भरलेली. पाय आखूड, पळायची घाई नाही. अशी संथ शिकार कुत्रा सोडत नाही. भेक चावत नाही की डंख मारत नाही. त्याच्या डोळ्यांमागे दोन फुगीर ग्रंथी असतात. त्या दाबल्या गेल्या की दुधासारखा चिकट स्राव बाहेर येतो आणि कुत्र्याच्या हिरड्यांतून, जिभेतून शरीरात भिनतो. काही मिनिटांतच लाळ गळते, फेस येतो, कुत्रा डोकं झटकत पंजाने तोंड खरवडू लागतो.

अशा वेळी घरातलं कुणीतरी हळद, तूप नाहीतर दूध घेऊन धावतंच. पण विष अजून तोंडात आहे, ते बाहेर काढायचंय. वरून काही पोटात ढकलायची ही वेळ नव्हे. मिठाचं पाणी पाजून उलटी करवणं तर त्याहून वाईट. मिठाचीच बाधा होऊ शकते, शिवाय गुंगीतल्या कुत्र्याची उलटी श्वासनलिकेत जाण्याची भीती.

तोंड धुणं हाच खरा प्रथमोपचार आणि नेमकी तिथेच सगळ्यात मोठी गफलत होते. कुत्र्याचं तोंड वर करून घशात पाणी ओततात. विष पोटात जातं, पाणी फुफ्फुसात. नाक जमिनीकडे झुकवा. पाइपची किंवा मगाची हलकी धार एका गालातून सोडा, ती पुढून किंवा दुसऱ्या बाजूने बाहेर पडली पाहिजे. मधूनमधून ओल्या फडक्याने हिरड्या, जीभ, टाळू पुसा आणि फडकं दर वेळी धुऊन घ्या. स्राव चिकट असतो, नुसत्या धारेने सुटत नाही. हे पाच ते दहा मिनिटं करायचं, दोन मग ओतून थांबायचं नाही. नंतर स्वतःचे हात साबणाने धुवा, तोवर डोळ्यांना लावू नका. कुत्र्याला झटके येत असतील किंवा शुद्ध नसेल, तर तोंडात पाणीही नको, बोटंही नकोत. थेट डॉक्टर गाठा.

फेस दिसला म्हणजे भेकच, असं मात्र धरून चालू नका. कीटकनाशक किंवा गोगलगायींसाठी टाकलेलं विष पोटात गेलं तरी असंच दिसतं. रेबीजमध्येही लाळ गळते. लस न झालेला किंवा रस्त्यावरचा कुत्रा असेल, तर त्याच्या तोंडात हात घालायचा नाही.

आपल्याकडच्या भेकामुळे बहुतेक वेळा लाळ गळण्यावरच निभावतं. पण म्हणून ‘होईल बरा’ म्हणत झोपायला जाऊ नका. हे विष हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतं. हिरड्या लालभडक झाल्या, तोल जाऊ लागला, धाप लागली, उलट्या थांबेनात तर निघा. पिल्लू असेल, छोट्या जातीचा किंवा हृदयविकार असलेला कुत्रा असेल, तर तोंड धुऊन लगेच निघा. लक्षणांची वाट बघू नका.

इंटरनेटवर दिसणारे भयानक किस्से बहुधा ऑस्ट्रेलिया किंवा फ्लोरिडातल्या केन टोड या मोठ्या, जास्त विषारी भेकाचे असतात. उसावरचे भुंगेरे खाण्यासाठी 1935 मध्ये तो ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये आणला गेला. भारतात तो नाही. ते किस्से वाचून अंगणातल्या भेकांवर मीठ किंवा फिनेल ओतणं हा निव्वळ क्रूरपणा आहे, आणि फिनेल कुत्र्यालाही बाधतं. त्यापेक्षा रात्री बाहेरचा दिवा बंद ठेवा, कुत्र्याला पट्ट्यानेच बाहेर न्या, पाण्याचं भांडं घरात ठेवा. भांड्यात भेक बसला असेल तर पाणी ओतून भांडं घासून घ्या.

न्यूट हा भेकासारखाच उभयचर, पण शेपटीचा आणि दिसायला पालीसारखा. त्याची चिंता महाराष्ट्रात करायला नको. भारतात तो दार्जिलिंगच्या बाजूला, हिमालयात आणि ईशान्येकडच्या डोंगरांत आढळतो. आपल्या बागेत सळसळते ती बिनविषारी सापसुरळी. पण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी, विशेषतः ओरेगॉन आणि कॅलिफोर्नियात, सावध राहावं. तिथल्या खरबरीत कातडीच्या, नारिंगी पोटाच्या न्यूटमध्ये टेट्रोडोटॉक्सिन हे विष असतं, फुगा माशातलं तेच. त्याने स्नायू लुळे पडून श्वास थांबू शकतो. कुत्र्याने तो गिळला असेल, तर तोंड धुण्यातही वेळ घालवू नका, गाडी काढा.