सोंग कुणाचं, बोलतंय कोण: रॉक अल्बमची कथा कशी ऐकावी

मी वेंगुर्ल्यात साउंड सिस्टीम भाड्याने देतो. जत्रा सुरू झाल्या की रात्रभर दशावताराच्या मिक्सरपाशी बसणं हे माझं काम. ग्रीन डे या अमेरिकन रॉक बँडचा ‘अमेरिकन इडियट’, म्हणजे एकच कथा गाण्यांतून सांगणारा अल्बम, मला उमगला तो तिथे बसून. म्हणून धर्म आणि राजकारण एकमेकांत मुरलेला अल्बम कसा उलगडायचा, ते त्याच वाटेने सांगतो.

पहिल्यांदा तेराही गाणी ओळीने ऐका, शफल बंद. अर्थ लावायला बसू नका, फक्त आवाज कुठे बदलतो तिथे खूण करा. तिसऱ्या ‘हॉलिडे’त मध्येच कॅलिफोर्नियाच्या प्रतिनिधीला बोलायला पुकारतात आणि पुढचं सगळं सभागृहातल्या भाषणासारखं येतं. ते गायकाचं स्वतःचं मत समजलात तर फसलात. गायक बिली जो आर्मस्ट्राँगने तिथे पुढाऱ्याचं सोंग घेतलंय. आमच्या आडदशावतारातला, म्हणजे मुख्य नाटकाआधीच्या भागातला, संकासुर वेद चोरणारा असुर, पण तोंड उघडलं की मालवणीत गावच्या खड्ड्यांवर येतो. कथा पुराणातली, टोला आजचा, आणि समोर बसलेल्या म्हातारीला दोन्ही कळतात.

मग साल बघा. अल्बम सप्टेंबर २००४चा. त्याआधी मार्च २००३मध्ये अमेरिकेने इराकवर चढाई केली होती आणि नोव्हेंबर २००४मध्ये अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक होती. ही गाणी आली ती या दोन्हींच्या मध्ये.

देवाधर्माच्या नावांना मात्र सवड द्या. दुसऱ्या गाण्यात कथेचा नायक स्वतःला उपनगरातला येशू म्हणवतो. ते गाणं नऊ मिनिटांचं, पाच तुकड्यांचं. पाचव्या गाण्यात हा येशू खोटा असल्याचं येतं आणि लगेच सहाव्यात संत जिमी हजर! बाराव्यात तोही मरतो. दशावतारी नटाबद्दल आमच्याकडे म्हणतात, ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’. वहीत प्रत्येक पवित्र नावापुढे दोन रकाने आखा: हे नाव कुणी चढवलं आणि कुठल्या गाण्यात उतरलं. मला तरी यात चर्चवरच्या रागापेक्षा तारणहाराची भूक जास्त दिसते.

सगळ्यात मोठी चूक अकराव्या गाण्याशी होते. ‘वेक मी अप व्हेन सप्टेंबर एंड्स’ ऐकून भाच्याने विचारलं, “मामा, ह्यां न्यूयॉर्कच्या हल्ल्यावरचां मां?” मीही कित्येक वर्षं तेच धरून चाललो होतो. पण बिली जोचे वडील सप्टेंबर १९८२मध्ये कर्करोगाने गेले, तेव्हा तो दहा वर्षांचा होता. गाणं त्यांच्या आठवणीतलं आहे. राजकीय अर्थ लावण्याआधी तो ओळींत सापडतो का, की आपण वरून आणून ठेवतोय, हे तपासा.

भाच्याने वहीतलं ‘न्यूयॉर्क’ खोडून ‘बाबा’ लिहिलं. आता आम्ही द हू या ब्रिटिश बँडचा १९६९चा ‘टॉमी’ हा अल्बम लावलाय. त्यातही लोक एका पोराला तारणहार करतात आणि शेवटी तेच भक्त त्याच्यावर उलटतात. ‘कुणी चढवलं’ हा रकाना भराभर भरतोय.