धमकी आली म्हणून पोलिसांकडे जाताय? या चुका टाळा

"पोलिसांना सांगितलं होतं तरी काही केलं नाही, आता त्यांच्यावर केस होते का?" हा प्रश्न मला सारखा येतो. मी विचारतो, सांगितलं म्हणजे कसं? उत्तर ठरलेलं, तोंडी. मग उद्या कोर्टात पोलिसांना माहीत होतं हे सिद्ध कशावरून करणार? मी तरी दोन प्रती घेतल्याशिवाय ठाण्यात पाय ठेवत नाही, एक त्यांना, दुसरीवर आवक शिक्का आणि तारीख, आणि शिक्का मारल्यावर तिथेच फोटो.

सगळ्यात जास्त त्रास होतो तो एनसीला, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नुसत्या नोंदीला, एफआयआर समजण्याचा. माझ्या मावसभावाला बांधाच्या वादातून शेजाऱ्याने धमकी दिली, हा ठाण्यात गेला, ठाणे अंमलदाराने नीट ऐकून घेतलं, कागद दिला, आणि हा घरी येऊन सगळ्यांना सांगत सुटला की केस झाली. असं तीनदा. चौथ्या महिन्यात शेजाऱ्याने काठीने हात मोडला तेव्हा मी ते कागद पहिल्यांदा बघितले, तिन्ही एनसी. म्हणजे अदखलपात्र, आणि त्याचा तपास पोलीस मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय करूच शकत नाहीत, बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम १७४ मध्ये तसं लिहिलंच आहे. पहिल्या एनसीनंतरच लेखी अर्ज देऊन चॅप्टर केस मागायला हवी होती, कलम १२६ खाली, त्यात समोरच्याकडून शांतता राखायचा बाँड घेता येतो. पण त्याला घाई होती, कागद मिळाला की काम झालं असं वाटलं. आजही त्याची मूठ पूर्ण आवळत नाही.

दुसरी चूक व्हॉट्सॲपवरून येते. "पोलिसांवर तुम्हाला वाचवायची जबाबदारीच नाही, सुप्रीम कोर्टाने सांगितलंय." अहो ते अमेरिकेचं सुप्रीम कोर्ट! २००५ च्या कॅसल रॉक केसमध्ये एका आईकडे नवऱ्याविरुद्ध कोर्टाचा आदेश होता, तिन्ही मुली जिवाला मुकल्या, तरी पोलिसांनी तो आदेश अमलात आणावा हा तिचा घटनात्मक हक्क नाही असं ते कोर्ट म्हणालं. वाचून अंगावर काटा येतो, पण तो त्यांच्या घटनेचा अर्थ आहे. आपल्याकडे बीएनएसएस कलम १६८ प्रमाणे दखलपात्र गुन्हा (ज्याचा तपास पोलीस मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय करू शकतात) होऊ नये म्हणून शक्य ते सगळं करणं पोलिसांचं कर्तव्य आहे, आणि दखलपात्र गुन्ह्याची माहिती दिली तर एफआयआर घ्यावाच लागतो हे २०१३ मध्ये ललिता कुमारी केसमध्ये पाच न्यायाधीशांनी सांगितलंय, थोड्या प्रकारांत आधी प्राथमिक चौकशी चालते एवढंच. याचा अर्थ दारात शिपाई उभा करतील असा मात्र नाही, तसली अपेक्षा धरू नका.

"आमची हद्द नाही" ऐकून परत फिरू नका, झिरो एफआयआर मागा, म्हणजे हद्द कुणाचीही असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो तो. माणूस दारात उभा असेल तर अर्ज लिहीत बसू नका, ११२ लावा. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय निघू नका.

आणि एफआयआर घेतला नाही म्हणून थेट मॅजिस्ट्रेटकडे धावणारे, त्यांचं मला खरंच वाईट वाटतं कारण अर्ज परत येतो आणि महिने जातात. आधी एसपींना, शहरात असाल तर डीसीपींना, लेखी पाठवा, मी स्पीड पोस्टनेच पाठवतो, त्याची पावती जपा, मग मॅजिस्ट्रेटकडे कलम १७५(३) चा अर्ज, म्हणजे पोलिसांना तपासाचा आदेश द्या असं मागणारा, सोबत प्रतिज्ञापत्र आणि ती पावती जोडलेली.