खोडव्याचं पाचट न जाळता सरीत कसं कुजवायचं

उसाची तोड संपली की रानात वाळला पाला, म्हणजे पाचट, उरतं आणि ते जाळायला वाळवा, पलूस, कराड भागात संध्याकाळी फडच्या फड पेटतात. थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि जड असते, ती वर सरकत नाही. त्यामुळे कृष्णाकाठचा धूर सकाळपर्यंत गावावरच बसून राहतो. त्यातले सूक्ष्म कण थेट फुप्फुसात उतरतात, आणि पाचटातला जवळजवळ सगळा कर्ब व नत्रही धुरावाटे जातो. मागे उरते ती थोडी पालाशयुक्त राख. एकरी तीन-चार टन पाचट निघतं. ते खोडव्यात, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून (जमिनीत राहिलेल्या बुंध्यांतून) फुटणाऱ्या पुढच्या पिकात, रानातच ठेवायचं असेल तर पुढचं वाचा.

तोडीच्या आधीच ऊसतोड टोळीच्या मुकादमाला सांगून ठेवा की पाचट पेटवायचं नाही. तोड झाल्यावर बुडख्यांवरचे ढीग ओढून पाचट सरीत सारखं पसरा. बांधालगत दोन-तीन हात पट्टा मोकळा सोडा, शेजारच्या रानातली आग तिथूनच आत येते.

धारदार कोयत्यानं बुडखे जमिनीलगत छाटा. वर राहिलेल्या खुंटाच्या डोळ्यातून निघालेला फुटवा कमजोर असतो, मातीखालचा जोमदार येतो. ‘जाळल्याशिवाय खोडवा फुटत नाही’ हे ऐकून माझे कान किटले आहेत. फुटव्याला बुडख्यावर ऊन लागतं, बुडखे मोकळे केले की ते मिळतं. आग लावली तर वरवरचे डोळेच भाजतात. छाटल्यावर लगेच एका लिटरला एक ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक घेऊन फक्त बुडख्यांवर फवारा.

आता खरी अडचणीची पायरी. मलाही हीच सगळ्यांत जड गेली, आणि बहुतेक लोक इथंच कंटाळून पुन्हा काडीपेटीकडे वळतात. पाचटात सेंद्रिय कर्ब ३२ ते ४० टक्के असतो आणि नत्र जेमतेम अर्धा टक्का. म्हणजे एक भाग नत्रामागे साधारण ८० भाग कर्ब. कुजवणाऱ्या जिवाणूंना आणि बुरशीला वाढायला नत्र लागतो. तो पाचटात पुरेसा मिळाला नाही की ते जमिनीतला ओढून घेतात. मग खोडवा पिवळा पडतो आणि लोक म्हणतात, ‘पाचटानं ऊस खाल्ला.’ पाचटानं नव्हे, उपाशी जिवाणूंनी खाल्ला.

म्हणून एकरी ३२ किलो युरिया आणि ४० किलो सुपर फॉस्फेट पाचटावर सारखं विस्कटा. हे खत जिवाणूंचं आहे. उसाच्या खताच्या हप्त्यातून ते वजा करू नका, कुणी कितीही सांगो. युरिया टाकला की त्याच दिवशी पाणी सोडा. ओलसर पाचटावर तो उघडा पडून राहिला तर अमोनिया होऊन उडून जातो. पैसे गेलेच, शिवाय हवेत सूक्ष्म कण तयार व्हायला तोच अमोनिया हातभार लावतो. धूर टाळून दुसऱ्या वाटेनं हवा बिघडवली, असं व्हायला नको.

पाचट कुजवणाऱ्या जिवाणू-बुरशीचं तयार संवर्धन एकरी चार किलो घ्या. ते चाळलेल्या शेणखतात मिसळून ओल्या पाचटावर संध्याकाळी टाका. युरियाबरोबर एकाच पाटीत कालवू नका, आणि बुरशीनाशकाचा फवारा पाचटावर जाऊ देऊ नका. संवर्धनातली बुरशी त्यानं मरते, आणि मग संवर्धनच बोगस होतं म्हणून बोंब होते.

वाफसा आला, म्हणजे पाणी मुरून माती पाय ठेवण्याजोगी झाली, की सरीतून चालत पाचट पायानं दाबून घ्या. हे काम कुणी सांगत नाही, पण सगळं यावर आहे. मातीला न टेकलेलं पाचट महिनोन्महिने तसंच पिवळंधमक राहतं. टेकलेल्या थराखाली काही आठवड्यांत पांढरे धागे दिसू लागतात, मातीचा वास येतो. हे दिसलं की समजा, काम सुरू झालं. ठिबक असेल तर पहिलं पाणी मोकळं द्या, ठिबकच्या पट्ट्याबाहेरचं पाचट कोरडंच राहतं.

पुढं पाण्याची पाळी तारीख बघून नव्हे, पाचट उचलून ओल बघून द्या. आच्छादनाखाली बाष्पीभवन कमी होतं. पाळ्या लांबतात, मोटर तितकी कमी चालते, नदीचं पाणी आणि वीज दोन्ही वाचतात. काठच्या भारी काळ्या रानात तर हे जास्तच गरजेचं, कारण तिथं जादा पाण्यानंच जमिनी क्षारपड झाल्या आहेत. पाणी साचत असेल तर आधी चर काढा. तुंबलेल्या सरीत पाचट हवेविना सडतं, नीट कुजत नाही.

बगला फोडू नका, म्हणजे वरंब्याच्या कडा नांगरू नका, मातीही चढवू नका. उसाचं खत पहारीनं द्या. बुडख्यापासून १५ ते २० सेंटिमीटरवर, तितकंच खोल भोक घ्या, दोन भोकांत एक फूट अंतर ठेवा, खत टाकून भोक बुजवा. पहिला हप्ता तोडीनंतर १५ दिवसांच्या आत द्या, दुसरा १३५ दिवसांनी, बुडख्याच्या विरुद्ध बाजूला.