वर्षअखेरची यादी: आवडलेलं आणि अपेक्षाभंग झालेलं कसं नोंदवावं

डिसेंबरच्या अखेरीस आठवून केलेली यादी बहुधा दिवाळीनंतरच्या दोन महिन्यांचीच होते. जानेवारीत पाहिलेल्या नाटकाचं तोवर नाव आणि एखादा प्रवेश डोक्यात उरलेला असतो. परवा संपवलेली वेब सिरीज मात्र ताजी असते, म्हणून ती वर चढते. त्यामुळे नोंद वर्षभर ठेवावी, डिसेंबरात फक्त निवड करावी.

शंभर पानी वही पुरते. आठवड्याला दोन गोष्टी पाहिल्या तर शंभरेक नोंदी होतात, प्रत्येकीला अर्धं पान. तारीख, नाव आणि कुठे पाहिलं हे तर लिहावंच, पण सगळ्यात महत्त्वाची ओळ पाहण्याआधी लिहायची असते: अपेक्षा काय आहे आणि कशामुळे. ट्रेलर, दिग्दर्शकाचं आधीचं काम, कुणी केलेली शिफारस, जे असेल ते. ही ओळ आधी लिहिली नाही, तर पाहून झाल्यावर मन तिला निकालाप्रमाणे वळवून घेतं. नाटक पडलं की ‘मला आधीच वाटलं होतं’, आवडलं की ‘खात्रीच होती’. मग डिसेंबरात अपेक्षाभंग मोजायला मापच उरत नाही.

पाहून झाल्यावर त्याच रात्री, फार तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत, तीन ओळी लिहाव्यात: लक्षात राहिलेली एक जागा, खटकलेली एक जागा, आणि लक्ष नेमकं कुठे उडालं ते. ‘अभिनय उत्तम, संगीत छान’ ही नोंद सहा महिन्यांनी काहीच सांगत नाही. ‘बाप पत्र उघडत नाही, नुसती घडी घालून खिशात ठेवतो’ असं लिहिलेलं असेल तर अख्खा प्रवेश परत उभा राहतो. गुण दोनदा द्यावेत, त्या रात्री आणि ३० दिवसांनी. दहापैकी दोन गुणांहून जास्त फरक पडला, तर ती नोंद डिसेंबरात पुन्हा तपासायची म्हणून खूण करून ठेवावी.

नाटकाला थोडी जास्त नोंद लागते, कारण नाटक रोज वेगळं असतं. जाहिरातीत प्रयोग क्रमांक दिला असेल तर तो उतरवून घ्यावा. पाचव्या प्रयोगात सैल वाटलेला दुसरा अंक पन्नासाव्यापर्यंत बांधला गेलेला असू शकतो. उलटही होतं: हशे वसूल करायची सवय लागते आणि वेळ लांबते. रिप्लेसमेंट, म्हणजे मूळ नटाच्या जागी दुसरा कुणी, होती का, बाल्कनीत बसलो होतो की पुढच्या रांगेत, माईक नीट होता का, हेही लिहावं. शब्द ऐकूच आले नसतील तर तो दोष प्रयोगाचा आहे, संहितेचा नाही. हे वेगळं केलं नाही, तर लेखकावर नाहक अन्याय होतो.

कुठली गोष्ट कुठल्या वर्षाची, यावरही घोळ होतो. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सेन्सॉर प्रमाणपत्राचं वर्ष धरतात, पण प्रेक्षकाला त्याचा उपयोग नाही. जानेवारीत पुण्याच्या चित्रपट महोत्सवात दिसलेला सिनेमा थिएटरात कित्येक महिन्यांनी येऊ शकतो. १९०९ साली ‘मनोरंजन’ने सुरू केलेली दिवाळी अंकांची परंपरा तर अशी की अंक ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात आणि वाचून होईपर्यंत होळी येते. म्हणून सोपा नियम: आपण पाहिलं-वाचलं ती तारीख धरायची. जुन्या कलाकृतींना ‘उशिरा भेटलेलं’ असा वेगळा कप्पा द्यावा. यादी ३१ डिसेंबरच्या आत बंद करू नये, नाहीतर पुण्यातला सवाई गंधर्व महोत्सव दरवर्षी निसटतो.

निवडीला बसताना गुण झाकून वही सलग वाचावी. आधी वीस, मग दहा. अडलं तर नुसतं नाव वाचून एक नेमकी जागा आठवते का ते पाहावं. आठवत नसेल तर ते आवडलं होतं, पण वर्षातलं आवडतं नव्हे. दहापैकी सहाहून जास्त नावं ऑक्टोबरनंतरची निघाली, तर जानेवारी ते मार्चची पानं पुन्हा वाचावीत.

अपेक्षाभंगाच्या यादीत वाईट ते सगळं भरू नये. ज्याच्याकडून काही मागणंच नव्हतं, त्यानं अपेक्षा मोडली असं म्हणता येत नाही. पाच नावं पुरेत. प्रत्येकासमोर आधीची अपेक्षा, प्रत्यक्ष मिळालेलं आणि तुटलं कुठे, हे लिहावं. कारणं बरीचशी ओळखीचीच असतात. दोन तासांची गोष्ट ४५ मिनिटांच्या आठ भागांत ताणली, म्हणजे सहा तास झाले. हा ताण बहुधा चौथ्या-पाचव्या भागात दिसतो, तिथे पात्रं तेच भांडण पुन्हा भांडतात. कधी ट्रेलरमध्ये विनोदाच्या सगळ्या जागा आधीच वापरलेल्या असतात. कधी आपणच दिवसभर दमून रात्री ११ला सिनेमा लावलेला असतो. अशी शंका असेल तर दुसऱ्यांदा पाहिल्याशिवाय नाव यादीत घालू नये.

अर्धवट सोडलेल्याला गुण देऊ नयेत. कुठल्या भागाच्या कितव्या मिनिटाला सोडलं एवढं लिहावं. सिरीजला किमान दोन भाग आणि नाटकाला मध्यंतरापर्यंतचा वेळ दिलेला असावा. आणि प्रयोग चालू असलेल्या नाटकाचं कारण लिहिताना दुसऱ्या अंकातलं गुपित फोडू नये. दोष पहिल्या अंकातल्या उदाहरणानं दाखवता येत नसेल, तर ‘शेवट पटला नाही’ एवढंच लिहून थांबावं.