गोदावरी समुद्राला मिळते तिथे जायचंय? नगरसोलहून गाडी पकडा

नाशिककरांनो, त्र्यंबकला ब्रह्मगिरीवर उगम बघितला असेल, रामकुंड तर रोजचंच, पण जवळपास १४६५ किमी वाहून आपली गोदामाय बंगालच्या उपसागराला मिळते तिथेही एकदा जाऊन याच. त्यासाठी आंध्रातलं नरसापूर गाठायचं, आणि येवला तालुक्यातल्या नगरसोल स्टेशनवरून नरसापूरची थेट एक्सप्रेस सुटते हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं! वार आणि वेळ रेल्वेच्या ॲपवर बघून घ्या, शिर्डीच्या गर्दीमुळे रिझर्व्हेशन लवकर करा.

राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमला नदीचे फाटे होतात, तिथेच सर आर्थर कॉटन यांनी १८४७ ते १८५२ मध्ये बंधारा बांधला आणि सगळा डेल्टा भाताने हिरवा झाला. त्यातल्या वसिष्ठ फाट्याच्या काठावर नरसापूर आहे. इथे पूर्वी जहाजं बांधायचे, शेजारच्या माधवायपालेमला इंग्रजांची कापडाची वखार होती, 'मदापोलम' कापड तिथलंच. आता क्रोशाची लेस प्रसिद्ध आहे, घराघरात बायका विणतात, घ्यायची तर इथेच घ्या.

फेरीबोटीने पलीकडे सखिनेटिपल्लीला उतरून अंतर्वेदीला जा, लक्ष्मीनरसिंहाचं दर्शन घ्या आणि मग संगम. डिसेंबर ते फेब्रुवारी बेस्ट, ऑक्टोबर-नोव्हेंबरात वादळं येतात. माघातल्या भीष्म एकादशीला कल्याणोत्सवाची तुफान गर्दी असते, शांतपणे बघायचं असेल तर ते दिवस टाळा, आणि संगमावर ओढ असते म्हणून पोरांना पाण्यात लांब सोडू नका.