शेवटच्या आजारातलं माणूस घरी सांभाळताना या चुका टाळा

"आता घरी न्या, त्यांना आराम वाटेल एवढं बघा," असं डॉक्टर म्हणाले, त्यातलं आम्ही फक्त 'घरी न्या' ऐकलं. सासूबाईंचा स्वादुपिंडाचा कॅन्सर यकृतात पोचला होता. तरी त्या महिन्याभरात हिंडूफिरू लागतील अशा थाटात आमची धावपळ चालली होती. बहुतेक चुका तिथूनच झाल्या.

सगळ्यात मोठी मॉर्फिनची, म्हणजे तीव्र दुखण्यावरच्या अफूपासूनच्या औषधाची. गोळी दर चार तासांनी द्यायला सांगितली होती. आम्ही देत होतो 'फारच दुखलं तर'. सवय लागेल, असं नणंदेला वाटायचं आणि खरं सांगायचं तर मलाही. मग दुखणं असह्य झालं की गोळी, ती लागू पडायला अर्धा-पाऊण तास, आणि तोवर सासूबाई चादरीचं टोक मुठीत आवळून पडलेल्या. मॉर्फिनच्या साध्या (सावकाश न विरघळणाऱ्या) गोळीचा असर साधारण चार तासच राहतो, म्हणून ती घड्याळावर द्यायची. दुखायची वाट बघायची नाही. मधेच कळ आली तर जादा किती द्यायची, तेही डॉक्टरांकडून वहीत लिहून घ्या. सांगितल्या मात्रेत घेतलं तर कॅन्सरच्या दुखण्यात व्यसन लागणं विरळाच. मॉर्फिन सुरू झालं म्हणजे घटका भरली, असंही नाही. महिनोन्महिने ते घेणारे पेशंट असतात. हाका मारूनही जाग येत नसेल, श्वास फारच मंद झाला असेल, तर मात्र लगेच फोन करा. आणि आणायला धावायची वेळ गोळ्या संपत येईपर्यंत येऊ देऊ नका. २०१४ साली अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त संस्थांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालं, तरी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ते मिळेलच असं नाही.

मॉर्फिननं जवळजवळ सगळ्यांनाच बद्धकोष्ठ होतो. घरात होतं म्हणून आम्ही इसबगोल दिलं. ते पाण्यावर फुगतं, आणि सासूबाईंच्या पोटात दिवसाकाठी जेमतेम तीन वाट्या पाणी जात होतं. पाचव्या दिवशी पातळ गळायला लागलं, तर आम्ही जुलाब थांबायची गोळी दिली! होम केअरच्या सिस्टरनी पोट चाचपलं आणि म्हणाल्या, "अहो, जुलाब कसले? शौचाचा खडा अडकलाय, बाजूनं पाणी येतंय." मॉर्फिन लिहून देतील त्याच दिवशी पोट साफ होण्याचं औषधही मागून घ्या.

जेवणावरून तर आमच्याकडे रोज रडारड. "दोन घास तरी घ्या ना, आई." एकदा त्या म्हणाल्या, "वाटी ठेव गं खाली. नुसती बस इथं." शरीर आवरतं घेऊ लागलं की भूक जाते, तुमची पेज बिघडलेली नसते. उताण्या माणसाला चमच्यानं भरवू नका, ठसका लागून घास फुप्फुसात जातो. टेकवून बसवा, पूर्ण जाग असताना द्या, मागतील तेवढंच. गिळणं बंद झालं की मऊ फडकं पाण्यात बुडवून घट्ट पिळा आणि जीभ, हिरड्या, गालांची आतली बाजू पुसा. ओठांना तूप लावा. गंगाजलही घशात ओतायचं नाही. ओठ ओले करा, वर तुळशीपत्र ठेवा. चौकशीला येणारे 'सलाईन लावा की' म्हणतील. शेवटच्या दिवसांत ते पाणी पायांवर, छातीत साठू शकतं, तेव्हा निर्णय डॉक्टरांवर सोडा.

पडून राहून अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी आणली, तरी कूस बदलणं सोडू नका. ठरलेलं दोन तासांचं वेळापत्रक पाळा. माकडहाडावर, टाचांवर लाली दिसली तर तिथं चोळायचं नाही.

"आईला काही कळू देऊ नका," असं दीर बजावत राहिले. एका दुपारी सासूबाईंनी पैठणीची पेटी मागितली. मी म्हणाले, "बऱ्या झालात की तुम्हीच वाटा." त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यांना सगळं ठाऊक होतं, बोलायला माणूस हवं होतं, आणि ती दुपार मी घालवली. अशा वेळी 'कुणाला कुठली द्यायची?' एवढं विचारलं तरी पुरतं.

मदत उशिरा मागणं हीसुद्धा चूकच. 'लोक म्हणतील, मरायला टाकलं' या भीतीनं आम्ही अशा पेशंटना सांभाळणाऱ्या केंद्रांचं नाव काढत नव्हतो. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, गोव्यातही त्यांचं केंद्र आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह, म्हणजे त्रास कमी करून आराम देणारं केंद्र आहे. तिथं दुखणं आटोक्यात आणून पेशंटला परत घरीही पाठवतात.

शेवटच्या रात्री घशातून घरघर येते, श्वास मधेच थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. ऐकणाऱ्याचा जीव जातो. पेशंटला मात्र त्याचा तेवढा त्रास होत नसावा, असं डॉक्टर सांगतात. कुशीवर वळवा. आयसीयूत न्यायचं की नाही, हे रात्री अडीचला दारात अॅम्ब्युलन्स उभी करून ठरवायचं नसतं. पेशंट बोलत असतानाच त्यांना विचारून ठेवा.

आणि फॅमिली डॉक्टरांना आधीच घरी आणून पेशंट दाखवून ठेवा. घरी मृत्यू झाला तर मृत्यूच्या कारणाचा दाखला, म्हणजे नमुना ४-अ, उपचार करणारे डॉक्टर देतात. कधी न पाहिलेल्या माणसाचा दाखला पहाटे कुणी देत नाही. नोंदणीची मुदत २१ दिवस. आमच्याकडे आधारवर सासूबाईंचं नाव एक आणि रेशनकार्डावर दुसरं निघालं. तेवढं आजच तपासा.