विशीतला चेहरा साठीचा करताना

पुण्यात पावसाळ्याबरोबर महाविद्यालयांच्या एकांकिकांच्या तालमी सुरू होतात. १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेसाठी भरत नाट्य मंदिराच्या रंगमंचावर विशीतल्या मुलाने साठीचे आजोबा उभे करणे नवीन नाही. तरीही नेपथ्यावर आणि प्रकाशयोजनेवर आठवडेच्या आठवडे खल होतो आणि रंगभूषेची आठवण मात्र प्रयोगाच्या दिवशी येते. निदान एक रंगीत तालीम तरी पूर्ण रंगभूषेत आणि प्रयोगातल्याच प्रकाशात व्हावी, असा माझा आग्रह आहे.

वापरायची सामग्री आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून पाहावी. खाज किंवा लाली आली, तर ती चेहऱ्याला लावू नये. स्पंज आणि ब्रश स्वच्छ धुतलेले असावेत. काजळाची कांडी आणि लिपस्टिक प्रत्येकाची स्वतंत्र असावी, कारण डोळ्यांचा संसर्ग एकाच काजळातून सगळ्या संघात पसरू शकतो.

प्रयोगाच्या दिवशी दाढी करून चेहरा धुवावा, कोरडा करावा आणि मगच पाया, म्हणजे रंगाचा पहिला थर, लावावा. पॅनकेक, म्हणजे पायासाठीचा वडीसारखा रंग, ओल्या पण घट्ट पिळलेल्या स्पंजने पातळ पसरावा. रंग हनुवटीशी थांबवू नये. तो गळा, कान आणि मानेच्या मागच्या बाजूपर्यंत न्यावा. हात हमखास विसरले जातात, आणि वृद्धाच्या चेहऱ्याखाली काठी धरलेला कोवळा हात दिसला की प्रेक्षकाचा विश्वास तिथेच सुटतो.

आता सुरकुत्या. पेन्सिल हातात घेण्यापूर्वी नटाला कपाळाला आठ्या घालायला, डोळे बारीक करायला आणि तोंड भरून हसायला सांगावे. त्वचा जिथे स्वतःहून दुमडते, तिथेच रेघ येते. मनाने कल्पिलेल्या जागी ओढलेली रेघ चेहरा हलला की वेगळी पडते. रेघेसाठी काळा रंग टाळून तांबूस तपकिरी घ्यावा, तिची एक कड बोटाने पुसट करावी आणि लगतच्या उंचवट्यावर पायापेक्षा उजळ रंगाची बारीक छटा द्यावी. सावलीशेजारी उजेड असल्याशिवाय घडी खोल दिसत नाही. नाकापासून ओठाच्या कोपऱ्याकडे येणारी घडी, डोळ्याखालची पिशवी आणि गालाचा खळगा एवढ्या तीन जागा नीट जमल्या, तरी वय पुष्कळ वाढते. मेणासारख्या रंगांवर पावडर दाबून बसवावी, घासू नये. केस पांढरे करण्यासाठी टाल्कम पावडर नको. नट वळला की ती प्रकाशझोतात उडताना दिसते. पांढरा रंग जुन्या दातब्रशने कानशिलावरून मागे फिरवावा.

मिशी चिकटवायची असल्यास स्पिरिट गम लावून तो किंचित चिकट होईपर्यंत थांबावे आणि ओलसर फडक्याने मिशी दाबून धरावी. हे काम शेवटच्या दहा मिनिटांवर ठेवू नये.

यानंतर आरसा सोडून नटाला रंगमंचावर उभे करावे, प्रकाश लावावा आणि स्वतः शेवटच्या रांगेत जाऊन पाहावे. माझ्या पहिल्याच एकांकिकेत मी नायिकेच्या ओठांना गडद लाल रंग दिला होता. रंगपटात तो सुंदर दिसला. रात्रीच्या प्रवेशात निळा प्रकाश आला आणि ओठ थेट काळे दिसू लागले. लाल रंगावरून परतायला लाल प्रकाशच हवा आणि निळ्यात तो जवळजवळ नसतो, हे कारण मला नंतर समजले. उलट लाल प्रकाशात गालांची लाली फिकी पडते. म्हणून प्रकाशयोजनाकाराकडून कोणत्या प्रवेशात कोणता रंग आहे, हे आधीच लिहून घ्यावे आणि निळे प्रवेश असतील तर ओठांना तपकिरीकडे झुकणारी छटा द्यावी.

प्रयोगानंतर मिशी ओढून काढू नये. कडेने गम काढण्याचे द्रावण झिरपवून ती सैल करावी. उरलेला रंग खोबरेल तेलाने विरघळवून मऊ कापडाने पुसावा आणि मग चेहरा साबणाने धुवावा.